रूफसचा दगड: एका राजाचा मृत्यू आणि राखीव रानाचा कायदा

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये, न्यू फॉरेस्ट नावाचं मोठं रान आहे. त्याच्या उत्तर भागात, मिन्स्टेड गावाजवळच्या कँटरटन इथे गवताळ मोकळ्या जागेत तीन बाजूंचा एक ओतीव लोखंडी खांब उभा आहे. आजूबाजूला ओकची झाडं, थोड्या अंतरावर ए-३१ हा वाहता हमरस्ता. या खांबाला ‘रूफस स्टोन’ म्हणतात. दिसतं ते लोखंड, मूळ दगड त्याच्या आत बंद आहे.

तिन्ही बाजूंवर मजकूर आहे. पहिली बाजू सांगते: इथे तो ओक वृक्ष उभा होता, सर वॉल्टर टिरेलने हरणावर सोडलेला बाण त्याला चाटून वळला आणि राजा दुसरा विल्यम, ऊर्फ रूफस, याच्या छातीत घुसला, २ ऑगस्ट ११०० रोजी राजा जागच्या जागी मेला. दुसरी बाजू सांगते: राजाचं प्रेत पर्किस नावाच्या माणसाच्या गाडीत घालून विंचेस्टरला नेलं आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. तिसरी बाजू खुद्द दगडाबद्दल बोलते: इतकी संस्मरणीय घटना जिथे घडली ती जागा विसरली जाऊ नये म्हणून लॉर्ड डेलावेअरने १७४५ साली हा दगड उभारला, आणि त्याने ते झाड इथे उभं असलेलं स्वतः पाहिलं होतं. पुढे लोकांनी दगडाची फार नासधूस केली, अक्षरं बिघडवली, म्हणून रानाचा वॉर्डन विल्यम स्टर्जेस बॉर्न याने १८४१ मध्ये जुन्याच मजकुरासह हे टिकाऊ स्मारक उभं केलं.

तारीख, माणसं, झाड, गाडी, सगळं ठाम. वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागाच ठेवलेली नाही. म्हणून हा दगड कसा वाचायचा ते नीट समजून घेण्यासारखं आहे. त्यावरच्या काही गोष्टी पक्क्या आहेत, काही नंतर चिकटलेल्या आहेत. आणि जे सर्वांत महत्त्वाचं, ज्या कायद्यामुळे हे रान राजाचं झालं तो कायदा आणि त्याखाली जगलेली माणसं, त्याबद्दल दगडावर एक ओळही नाही.

आधी त्या कायद्याकडे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. हा रूफसचा बाप. त्याला शिकारीचं वेड होतं. १०७९ च्या सुमारास त्याने साउथॅम्प्टनच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे त्यानेच करवून घेतलेल्या जमिनींच्या मोठ्या पाहणीत, या रानाची नोंद ‘नवं जंगल’ अशी आहे.

इथे ‘जंगल’ ऐकून आपल्या डोळ्यांसमोर दाट झाडी येते. राजाच्या जंगलात झाडी असायचीच असं नाही. ते कागदावर आखलेलं एक क्षेत्र होतं. त्यात ओसाड माळ यायचे, दलदल यायची, गावं, शेतं, चर्चं, दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीसुद्धा यायच्या. त्या हद्दीत देशाचा नेहमीचा कायदा बाजूला पडायचा आणि जंगलाचा वेगळा कायदा लागू व्हायचा. त्याचे अधिकारी वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, दंड वेगळे. बाराव्या शतकातला राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने हे आडपडदा न ठेवता लिहून ठेवलंय: जंगलाचे नियम राज्याच्या सामान्य कायद्यावर उभे नाहीत, राजाच्या मर्जीवर उभे आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, असे प्रदेश सर्वांत जास्त पसरले होते तेव्हा, इंग्लंडचा चौथा ते तिसरा हिस्सा या कायद्याखाली होता असा अंदाज आहे.

कायदा दोन गोष्टी जपायचा. एक, शिकारीचे प्राणी, म्हणजे मुख्यतः हरणं आणि रानडुक्कर. दुसरी, त्या प्राण्यांना खायला आणि लपायला लागणारी हिरवाई. ऐकायला हे निसर्गरक्षणासारखं वाटतं. त्या हद्दीत राहणाऱ्या कुळवाड्याच्या बाजूने पाहा. स्वतःच्या जमिनीवरचं झाडही विचारल्याशिवाय तोडायचं नाही. पडीक जमीन नांगराखाली आणली तर दंड. हरणांना अडवेल असं उंच कुंपण पिकाभोवती घालायचं नाही. हरीण रात्री येऊन उभं पीक खाऊन गेलं, तरी त्याला मारायचं नाही. भर उन्हाळ्यात हरणं विण्याच्या काळात महिनाभर गुरं रानात सोडायची नाहीत. धनुष्यबाण घेऊन हिंडताना सापडलात तर तुमचा हेतू काय होता, हे तुम्ही पटवून द्यायचं.

कुत्र्यांची गोष्ट तर अंगावर येते. राखणीचा मोठा कुत्रा हरणाचा पाठलाग करू शकतो, म्हणून त्याच्या पुढच्या पंजाची तीन नखं तोडायची. तशी न तोडलेला कुत्रा सापडला तर मालकाला तीन शिलिंग दंड. लिंडहर्स्ट गावात, जिथे या रानाचं न्यायालय भरतं त्या दिवाणखान्यात, एक जुनी मोठी रिकीब टांगलेली आहे. तिच्यातून आरपार जाण्याइतका लहान कुत्रा असेल तर त्याचे पंजे वाचायचे, असं सांगतात. तिला ‘रूफसची रिकीब’ म्हणतात, पण ती बनावटीवरून ट्यूडर काळातली, म्हणजे रूफसनंतर चारेकशे वर्षांनीची आहे. या रानात जुनी वस्तू दिसली की तिला रूफसचं नाव चिकटतं. दगड वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

विल्यम मेला त्या साली, १०८७ मध्ये, अँग्लो-सॅक्सन भाषेत वर्षवार नोंदी ठेवणाऱ्या एका भिक्षूने त्याच्यावर कवितेच्या काही ओळी लिहिल्या. हरीण किंवा हरिणी मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा नियम त्याने केला, हे त्यात आहे. आणि पुढे आहे: मोठ्या हरणांवर तो असं प्रेम करायचा, जणू तो त्यांचा बाप होता. जिंकलेल्या माणसांपैकी कुणीतरी आपल्या बोलीत लिहिलेली ही ओळ. राजावरचा इतका थेट राग त्या काळच्या लिखाणात क्वचित सापडतो.

नंतरच्या भिक्षूंनी मात्र आकडे फुगवले. न्यू फॉरेस्टसाठी डझनावारी गावं उठवली, चर्चं पाडली, असं त्यांनी लिहिलं. डूम्सडे बुकातल्या नोंदी पाहिल्या तर काही वस्त्या खरोखर गेलेल्या दिसतात, काहींच्या जमिनी रानात ओढल्या गेल्या. पण इथली बरीच माती रेताड, आम्लधर्मी आहे. डझनावारी भरभराटीची गावं पोसण्याची तिची ताकद नव्हती. माझ्या मते इथे दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. अन्याय झाला, आणि त्याची गोष्ट सांगताना अतिशयोक्तीही झाली. अतिशयोक्ती उघड झाली म्हणून अन्याय खोटा ठरत नाही.

या पार्श्वभूमीवर राजघराण्यातली माणसं याच रानात मरू लागली. विल्यमचा एक मुलगा रिचर्ड इथे शिकारीत गेला. ११०० च्या मे महिन्यात विल्यमचा नातू, रिचर्डच नावाचा, इथेच बाण लागून मेला. आणि तीन महिन्यांच्या आत राजा रूफस. ज्यांची गावं गेली त्यांचा तळतळाट लागला, देवाने न्याय केला, असं लोकांनी म्हणणं अगदी साहजिक होतं.

आता त्या दिवसाकडे. आपल्याकडे शिवकाळ वाचणाऱ्यांना जेधे शकावली आणि पुढे लिहिलेल्या बखरी यांतला फरक ठाऊक असतो. शकावली कोरडी, तारीखवार, घटनेच्या जवळची. बखर रसाळ, संवादांनी भरलेली, लांबून लिहिलेली. रूफसच्या मृत्यूची साधनंही अशीच दोन थरांत येतात.

शकावलीच्या जागी आहेत त्या अँग्लो-सॅक्सन वर्षनोंदी. त्यात ११०० सालाखाली इतकंच आहे: लॅमसच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजा विल्यमला शिकारीत त्याच्याच एका माणसाचा बाण लागला, मग त्याला विंचेस्टरला आणून पुरलं. मारणाऱ्याचं नाव नाही. झाड नाही. जागाही नाही. लॅमस १ ऑगस्टला येतो, म्हणजे दगडावरची तारीख बरोबर आहे.

बखरीच्या जागी दोन मोठे लेखक आहेत, दोघेही भिक्षू. माल्म्सबरीच्या मठातल्या विल्यमने पंचवीसेक वर्षांनी लिहिलं. त्याच्या वर्णनात सूर्य कलतोय, राजाचा बाण लागलेलं हरीण पळतंय, आणि त्याच्याकडे नीट पाहता यावं म्हणून राजाने डोळ्यांवर हात धरलाय. तेवढ्यात दुसरं हरीण समोरून जातं, वॉल्टर टिरेल त्याच्यावर बाण सोडतो आणि तो राजाच्या छातीत बसतो. राजा तोंडातून शब्द काढत नाही. छातीबाहेर आलेली बाणाची काडी मोडतो आणि त्याच जखमेवर कोसळतो. नॉर्मंडीतला भिक्षू ऑर्डेरिक व्हिटॅलिस आणखी काही वर्षांनी लिहितो. त्याच्या गोष्टीत सकाळी एक लोहार राजाला सहा नवे बाण आणून देतो. राजा चार स्वतःकडे ठेवतो आणि दोन टिरेलला देतो: उत्तम नेमबाजालाच सर्वांत तीक्ष्ण बाण मिळायला हवेत. ऑर्डेरिकच्या मते टिरेलचा बाण जनावराच्या पाठीवरचे केस चाटून पुढे गेला आणि राजाला लागला.

ज्या झाडासाठी हा दगड उभा आहे ते झाड या दोन्ही वर्णनांत नाही. बाण झाडावरून वळल्याची गोष्ट पुढच्या शतकांतली आहे.

हे सगळे लेखक मठातले होते, हेही विसरायचं नाही. चर्चचं आणि रूफसचं उभं वैर होतं. बिशप किंवा मठाधिपती मेला की तो ती जागा भरायचा नाही, आणि जागा रिकामी असेपर्यंत तिचं उत्पन्न स्वतःच्या तिजोरीत घालायचा. तो मेला त्या दिवशी कँटरबरीचं आर्चबिशपपद, विंचेस्टर आणि सॉल्झबरीची बिशपपदं आणि अकरा मठ त्याच्या ताब्यात होते, हे त्याच वर्षनोंदीत मोजून लिहिलंय. आर्चबिशप अँसेल्म १०९७ पासून देशाबाहेर होता. अशा राजाच्या मृत्यूभोवती भिक्षूंनी वाईट स्वप्नं, अपशकुन, भविष्यवाण्या गुंफल्या, यात नवल नाही. त्यांनी त्याला वाईट राजा ठरवलं, पण दरबारातल्या सरदारांचं मत वेगळं असण्याचा बराच संभव आहे. लंडनचा प्रचंड वेस्टमिन्स्टर हॉल त्यानेच बांधला. २४० फूट लांब, ६७ फूट रुंद, आणि आजही उभा आहे. रूफसचं दगडी स्मारक शोधायचं तर खरं ते तिथे आहे.

वॉल्टर टिरेलचं काय? तो फ्रान्समधल्या प्वा इथला जहागीरदार. घटनेनंतर तो लगोलग समुद्र ओलांडून निघून गेला. पळाला म्हणजे दोषी, असं पुष्कळांनी धरलं. पण फ्रान्सच्या सेंट-डेनिस मठाचा प्रमुख सूजेर लिहितो की, घाबरण्यासारखं किंवा मिळवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं अशा काळात टिरेलने त्याच्यासमोर अनेकदा शपथेवर सांगितलं: त्या दिवशी राजा रानाच्या ज्या भागात होता तिथे मी गेलोच नव्हतो, मी त्याला रानात पाहिलंही नाही. सूजेर विश्वासू माणूस होता आणि त्याला खोटं लिहून काही लाभ नव्हता. म्हणजे दगडाच्या पहिल्या ओळीतलं नावसुद्धा निर्विवाद नाही. (दगडापासून जवळच टिरेलच्या नावाचं एक पबही आहे.)

इथे बहुतेक वाचक विचारतात: मग हा खून होता का? संशय धाकट्या भावावर जातो, हेन्रीवर. तो त्या दिवशी शिकारीला तिथेच होता. राजा पडल्याचं कळताच तो घोडा दौडवत विंचेस्टरला गेला, कारण राजाचा खजिना तिथे होता. विल्यम द ब्रेतॉय या सरदाराने त्याला अडवलं: गादीवर हक्क थोरल्या रॉबर्टचा आहे, आपण त्याला शब्द दिलाय. रॉबर्ट पहिल्या धर्मयुद्धावरून परतीच्या वाटेवर होता. हेन्रीने जुमानलं नाही. ३ ऑगस्टला रूफसला पुरलं आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरमध्ये हेन्रीला राज्याभिषेक झाला. तीन दिवसांत सगळं आटोपलं. शिवाय टिरेलची बायको क्लेअर घराण्यातली, तिचे भाऊ त्या दिवशी राजासोबत असल्याचं सांगितलं जातं, आणि पुढे हेन्रीच्या राज्यात त्या घराण्याची भरभराट झाली.

गोष्ट म्हणून हे पक्कं जुळतं. पण पुरावा म्हणून मोजलं तर फार हलकं. त्या काळी राजा मेला की त्याने दिलेली शांततेची हमीही संपायची. नवा राजा बसेपर्यंत लूटमार, सूडाचे हल्ले सुरू व्हायचे. घाई करणं हे गुन्ह्याचं लक्षण नव्हतं, ती रीत होती. हेन्रीचे शत्रू कमी नव्हते. रॉबर्ट ११०१ मध्ये सैन्य घेऊन इंग्लंडात उतरला, ११०६ मध्ये तिंशब्रेच्या लढाईत हरला आणि मरेपर्यंत, म्हणजे ११३४ पर्यंत, भावाच्या कैदेत राहिला. इतकं वैर असून हेन्रीने भावाला मारल्याचा उघड आरोप त्या पिढीत कुणी केलेला आढळत नाही. त्याच रानात तीन महिने आधी राजाचा पुतण्या तसाच बाणाने मेला होता. शिकारीत हरणं हाकून आडोशाला उभ्या तिरंदाजांच्या समोर आणायची, आणि तिरंदाज चहूबाजूंनी उभे. अशात चुकून बाण लागणं नेहमीचं होतं. बहुतेक इतिहासकार अपघाताकडे झुकतात आणि मलाही तेच पटतं.

आता जागा. कँटरटनचं नाव या घटनेशी सतराव्या शतकाआधी जोडलेलं दिसत नाही. राजा दुसरा चार्ल्स त्या शतकात या रानात आला होता, तेव्हा त्याला दाखवायला एक साजेसं ओकचं झाड पुढे केलं गेलं असावं, असा कयास आहे. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, जॉन लेलंड या प्रवासी अभ्यासकाने रूफस ‘थॉरोहम’ इथे मेल्याचं लिहिलं होतं. ते नाव आता वापरात नाही, पण ती जागा बहुधा रानाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेकडे समुद्राच्या बाजूला, ब्यूली इस्टेटीत असावी. म्हणूनच ब्यूलीच्या जुन्या मठाच्या आवारात रूफसच्या नावाचा दुसरा दगड आहे. त्यावर ‘या भागात’ मेला एवढंच म्हटलंय, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

झाडाबद्दल थोडा हिशेब करून पाहता येतो. लॉर्ड डेलावेअरचा जन्म १६९३ चा. त्याने पाहिलेलं झाड तेव्हा उभं असेल आणि ११०० मध्ये बाण वळवण्याइतकं जाड असेल, तर त्याचं वय सात-आठशे वर्षांच्या घरात जातं. ओक तेवढा जगू शकतो, पण क्वचित. म्हणजे अशक्य नाही, एवढंच म्हणता येतं. त्याने झाड पाहिलं यावर शंका घ्यायचं कारण नाही. त्याने पाहिलं ते लोक ज्याला ‘रूफसचा ओक’ म्हणत होते ते झाड. तोडून जाळून टाकल्यामुळे ते गेलं, असं अठराव्या शतकातल्या मासिकांत छापून आलंय. झाड गेलं तर खूणच नाहीशी होईल, ही काळजी त्याला वाटली आणि त्याने दगड उभारला, हे मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लावतं. मूळ दगड पावणेसहा फुटांहून थोडा उंच होता, माथ्यावर दगडी गोळा. तिसरा जॉर्ज राजा राणीसह १७८९ मध्ये तो बघून गेला. अमेरिकेतल्या डेलावेअर नदीला आणि राज्याला ज्यांचं नाव आहे, ते याच घराण्यातले आधीचे लॉर्ड.

तात्पर्य इतकंच की हा दगड १७४५ चा साक्षीदार आहे, आणि त्यावरचं लोखंड १८४१ चं. सहाशे पंचेचाळीस वर्षांनी लोक काय मानत होते, हे तो नेमकं सांगतो. ११०० मध्ये काय घडलं यासाठी त्याच्याकडे जाता येत नाही.

गाडीवाल्या पर्किसचंही तसंच. काही खेडूतांनी राजाला घोड्याच्या गाडीत घालून विंचेस्टरला नेलं आणि वाटभर रक्त ठिबकत होतं, हे माल्म्सबरीच्या विल्यमने लिहिलंय. नाव त्याने दिलेलं नाही. पर्किस घराणं मात्र मिन्स्टेडच्या परिसरात शतकानुशतकं होतं, आणि आपला कोळसेवाला पूर्वज म्हणजेच तो गाडीवाला, ही आठवण ते सांगत आले. बारकाईने पाहिलं तर दगडावर राजे-सरदारांच्या बरोबरीने नाव कोरलं गेलेला हा एकच गावकरी. ते खरं ठरवता येत नसलं, तरी ते तिथे आहे याचं मला बरं वाटतं. दरबारी लोक आपापल्या वाड्या सांभाळायला पळाले होते. प्रेत उचललं ते गावकऱ्यांनी.

विंचेस्टर कॅथेड्रलच्या मनोऱ्याखाली रूफसला पुरलं आणि ११०७ मध्ये तो मनोरा कोसळला. पापी राजा खाली पुरल्यामुळे पडला, असं लोक म्हणाले. माल्म्सबरीच्या विल्यमने त्यावर शहाणपणाने लिहिलंय: बांधकामच कच्चं होतं, राजा तिथे नसता तरी मनोरा पडला असता. पुढे १६४२ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांनी कॅथेड्रलमधल्या जुन्या राजांच्या अस्थिपेट्या फोडल्या, हाडं विखुरली, एकमेकांत मिसळली.

आणि जंगलाचा कायदा? नव्या राजाने, हेन्रीने, गादीवर येताच भावाच्या जुलमी प्रथा सोडून देण्याची सनद काढली. पुष्कळ सवलती दिल्या. पण त्याच सनदेत एक कलम आहे: जंगलं मात्र माझ्या बापाच्या वेळी होती तशीच मी माझ्या हातात ठेवतो. राजा बदलला, रान राजाचंच राहिलं.

खरा बदल ११७ वर्षांनी झाला. १२१५ च्या मोठ्या सनदेचं, म्हणजे मॅग्ना कार्टाचं, नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ६ नोव्हेंबर १२१७ रोजी तिच्या जोडीला जंगलाची वेगळी सनद निघाली. दोन्हींत फरक कळावा म्हणूनच पहिलीला ‘मोठी’ म्हणू लागले. जंगलाच्या सनदेचं दहावं कलम सांगतं: आमच्या हरणांसाठी यापुढे कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. जबर दंड, दंड भरायची ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. गावकऱ्यांनी रानात गुरं चारावीत, डुकरं न्यावीत, याला आधार मिळाला. सरदारांसाठीही एक मजेदार सोय आहे: राजाच्या बोलावण्यावरून जाताना वाटेतल्या जंगलात एक-दोन हरणं मारली तर चालतील, पण रखवालदार जवळ नसेल तर शिंग फुंकायचं, म्हणजे चोरी केल्यासारखं दिसणार नाही.

न्यू फॉरेस्टमधले गावकऱ्यांचे हक्क आजही चालू आहेत आणि ते घराला-जमिनीला जोडलेले आहेत. जागा ज्याच्याकडे, हक्क त्याच्याकडे. रस्त्यांवर मोकळी फिरणारी तिथली हजारो तट्टं पर्यटकांना रानटी वाटतात, पण प्रत्येकाला मालक आहे. चराईची फी भरली की रानाचे नोकर तट्टाच्या शेपटीचे केस ठरावीक नमुन्यात कापतात, ती पावती. शरद ऋतूत ओकची फळं गळतात. ती हिरवी फळं तट्टांना आणि गुरांना विषारी, डुकरांना मात्र मेजवानी. म्हणून त्या काळात निदान साठ दिवस गावकऱ्यांची डुकरं रानात सोडतात, आणि त्यांनी जमीन फार उकरू नये म्हणून नाकात कडी घालतात. रूफसच्या काळी हे होत होतं आणि आजही होतं.

हे आपोआप टिकलं नाही. १८५१ मध्ये संसदेने हरणं हटवायचा कायदा केला आणि त्याच्या बदल्यात राजसत्तेला हजारो एकर रान कुंपण घालून इमारती लाकडासाठी घ्यायची मुभा दिली. चराई आक्रसू लागली. गावकरी आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोक वीस-पंचवीस वर्षं झगडले. १८७७ च्या न्यू फॉरेस्ट कायद्याने नवी कुंपणं रोखली आणि रानाचं जुनं न्यायालय गावकऱ्यांच्या हक्कांचं राखणदार म्हणून पुन्हा घडवलं.

मराठी वाचकाला इथे थांबावंच लागतं, कारण पुढचंच साल १८७८. त्या साली त्याच साम्राज्याने भारतासाठी वन कायदा केला. सरकारने राखीव जाहीर केलेल्या रानात चराईचा, सरपणाचा हक्क सांगायचा तर ठरल्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे मांडायचा. न मांडला तर तो बुडाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या डोंगरातल्या माणसाने तो कसा मांडायचा? १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी फॉरेस्ट खात्यावर लिहिलं की डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी, गायरानं सगळी या खात्यात गेली आणि गरिबांच्या शेळ्याबकऱ्यांना रानचा वारा खायलाही जागा उरली नाही. १९३० मध्ये पुसद, बिळाशी, चिरनेर इथे लोक गवत आणि लाकूड तोडून कायदा मोडायला रानात शिरले, चिरनेरला गोळीबारात माणसं गेली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या रानावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये. हॅम्पशायरच्या गुराख्याला एका वर्षी दिलेला न्याय आपल्याकडच्या गुराख्याला पुढच्या वर्षी नाकारला गेला आणि तो मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. रूफसच्या दगडाबद्दल वाचताना मला हे जास्त खुपतं.

इंग्लंडमध्ये जंगलाचा जुना कायदा अखेर १९७१ मध्ये रद्द झाला. २००५ मध्ये न्यू फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान झालं. लिंडहर्स्टचं न्यायालय मात्र चालू आहे. त्यात दहा जण बसतात. त्यांतले पाच जण गावकरी निवडून देतात. महिन्यातून एकदा ते उघड्या दारांनी भरतं. रानाचा नोकर उभा राहून पुकारा करतो की ज्याला काही मांडायचं असेल त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल. मग कुणी भरधाव गाडीखाली मेलेल्या तट्टाबद्दल बोलतो, कुणी तुंबलेल्या ओढ्याबद्दल, कुणी चराईच्या माळावर वाढणाऱ्या गाड्यांच्या गर्दीबद्दल. तिथे बोलायला हक्कदार असावं लागत नाही. कुणीही उभं राहू शकतं, आणि बोललेलं नोंदवलं जातं.